पुणे एअरपोर्ट रिव्ह्यू: वाडा हवाई दलाचा, ओसरी आपली

गेली आठ वर्षं महिन्यातून दोनदा तरी मी लोहगावहून उडते, कामासाठी नागपूर नाहीतर दिल्ली, आणि राहायला टिंगरेनगरला, म्हणजे एअरपोर्ट आमच्या शेजारीच म्हणायचा. शिवाय बाबा एमईएसमध्ये, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमध्ये, इलेक्ट्रिशियन होते, त्यातली २६ वर्षं याच स्टेशनवर, रनवेच्या दिव्यांवर. त्यामुळे हा रिव्ह्यू निव्वळ प्रवाशाचा आहे असं म्हणता येणार नाही, थोडा घरचाही आहे. पाचपैकी चार स्टार देतेय, आणि चार का आणि पाचवा का नाही ते सविस्तर सांगते, कारण ऑनलाइन बरेच रिव्ह्यू वाचले तर लोक या एअरपोर्टला मुंबई-बंगळूरच्या मापाने मोजतात आणि मग चिडतात, आणि मला वाटतं मोजायचं मापच वेगळं आहे.

आधी हे समजून घ्या की पुण्याचा एअरपोर्ट हा मुळात एअरपोर्ट नाहीये, तो हवाई दलाचा तळ आहे. आपण ज्याला एअरपोर्ट म्हणतो ते टर्मिनल, विमानं उभी करायची जागा, पार्किंग वगैरे, त्याला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात आणि तेवढंच एअरपोर्ट ऑथॉरिटीकडे आहे. रनवे हवाई दलाचा, टॉवर हवाई दलाचा, तुमच्या विमानाच्या पायलटला "टेक ऑफ कर" सांगणारा कंट्रोलरसुद्धा हवाई दलाचा. जुन्या वाड्यात मालक आत राहायचे आणि पुढच्या ओसरीवर कोणी दुकान थाटलेलं असायचं ना, तसं. दुकान कितीही चालू दे, दिंडी दरवाजा कधी उघडायचा ते मालक ठरवणार. आणि मालकांचं आत जे काम चाललंय ते आपल्या सगळ्यांसाठीच चाललंय, हे एकदा डोक्यात बसलं की इथल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो.

हा तळ १९३९ सालचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, मुंबईच्या संरक्षणासाठी उभारलेला. म्हणजे आपलं टर्मिनल नंतर आलं, विमाननगर तर त्याहून खूप नंतर. लोहगावची जुनी ओळख म्हणजे तुकोबारायांचं आजोळ, कनकाईंचं माहेर, आणि आता एअरपोर्टला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर करून केंद्राकडे पाठवला, ते मला मनापासून आवडलं. सुखोई-३० हे रशियन बनावटीचं लढाऊ विमान पहिल्यांदा हवाई दलात आलं तेही इथंच, जून १९९७ मध्ये सुखोई-३०के, आणि मग २७ सप्टेंबर २००२ ला सुखोई-३० एमकेआय इथूनच हवाई दलात दाखल झालं. ८ जून २००६ ला राष्ट्रपती कलाम इथून सुखोईत बसून उडाले, आणि २५ नोव्हेंबर २००९ ला प्रतिभाताई पाटील, दोघंही उडाले तेव्हा ७४ वर्षांचे. प्रतिभाताईंच्या दिवशी आमची सगळी गल्ली गच्चीवर होती, आई हातातला पोळीचा उंडा तसाच घेऊन वर आलेली, कोणतं विमान त्यांचं ते कुणालाच कळत नव्हतं पण प्रत्येक विमानाला सगळे हात करत होते.

आता टर्मिनल. नवीन टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं आणि प्रत्यक्ष विमानं १४ जुलै २०२४ पासून सुटायला लागली. साधारण ५२ हजार चौरस मीटर, वर्षाला ९० लाख प्रवासी जातील अशी क्षमता. ज्यांनी जुनं टर्मिनल पाहिलंय त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. समोरून बघताना कमानी दिसतात त्या पुण्यातल्या वाड्यांची आठवण करून देणाऱ्या, आत उंच छत, भरपूर उजेड, आणि मुख्य म्हणजे बसायला जागा. डिजियात्रा आहे, ते फोनवर आधीच करून ठेवा, चेहरा दाखवला की गेट उघडतं आणि आत. माझी सकाळची फ्लाइट असते तेव्हा मी दारापासून सिक्युरिटी संपेपर्यंत बऱ्याचदा वीस मिनिटांत पोचलेय. सिक्युरिटीला सीआयएसएफच्या बायका-मुली असतात त्यांच्याबद्दल मुद्दाम लिहितेय, मागे एकदा एक आजी हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला तयारच नव्हत्या, घाबरल्या होत्या, तर त्या मुलीने त्यांचा हात हातात घेतला आणि "आज्जी, राहू द्या, काही काढायचं नाही" म्हणत हाताचं मशीन तेवढंच फिरवलं. एवढ्या गर्दीत, पहाटे चारला, हे करणं सोपं नाही.

उतरल्यावर कॅबसाठी एरोमॉलमध्ये जावं लागतं, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेलं मल्टिलेव्हल पार्किंग, टर्मिनलपासून पुलावरून जाता येतं. दारात गाडी येईल या हिशोबाने येऊ नका, सामान आणि म्हातारी माणसं असतील तर दहा मिनिटं जास्तीची धरा, एवढंच. मेट्रोचं जवळचं स्टेशन रामवाडी, मार्च २०२४ पासून चालू आहे, तिथून पुढे रिक्षा किंवा बस. नगर रोडला संध्याकाळी अडकण्यापेक्षा मी हल्ली शहरातून येताना रामवाडीपर्यंत मेट्रोच धरते.

आता खरा विषय, ज्याच्यावरून निम्मे वन-स्टार रिव्ह्यू पडतात, की विमानात बसलो, दार लागलं, आणि मग विमान जागचं हलेना. मागच्या वर्षी नागपूरला जाताना माझंही असंच झालं, आम्ही रनवेच्या तोंडाशी जाऊन थांबलो आणि कॅप्टनने सांगितलं की हवाई दलाची विमानं उडतायत, आपल्याला थोडं थांबावं लागेल. शेजारी इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता, पहिलाच प्रवास. आधी लांबून गडगडाट आला, मग तो वाढत वाढत इतका झाला की समोरच्या सीटच्या ट्रेची कडी थरथरायला लागली, मला ती थरथर कोपरातून दंडापर्यंत जाणवत होती, आणि मग खिडकीतून करड्या रंगाचं एक लांबलचक विमान सरळ रेष मारल्यासारखं गेलं, मागे दोन केशरी ज्वाळा, आणि त्याच्या मागोमाग दुसरं. काही सेकंदच. सगळं केबिन गप्प. मुलाने खिशातून मोबाइल काढला, मी त्याचा हात धरून खाली केला, म्हटलं, दादा, इथं नाही काढायचा, बघून घे फक्त. त्याने लगेच ठेवला बिचाऱ्याने, आणि नागपूर येईपर्यंत सुखोईबद्दल विचारत होता.

वीसेक मिनिटं थांबलो आम्ही. पण का थांबावं लागतं ते बाबांनी मला पूर्वीच समजावलेलं होतं म्हणून राग आला नाही, तेच तुम्हाला सांगते. लढाऊ विमानाकडे आकाशात घिरट्या घालत बसायला प्रवासी विमानासारखं जास्तीचं इंधन नसतं, सरावाहून परत आलं की त्याला उतरायचंच असतं, मग जो थांबू शकतो त्याने थांबायचं, आणि तो आपण. सुखोई उतरताना वेग मारायला शेपटीकडून पॅराशूट उघडतं, ते पुढे सोडून देतात, ते कुणीतरी जाऊन उचलेपर्यंत रनवे मोकळा नाही. टायर फुटलं तर विमान मध्येच बसणार, ओढून न्यायला वेळ जाणार, आणि रनवे एकच असल्यामुळे तोपर्यंत सगळ्यांचंच अडणार. रनवेवर एक खडा, एक स्क्रू, एवढंसं काही पडलेलं असलं तरी ते इंजिनात खेचलं जाऊ शकतं, म्हणून झाडून काढणं, तपासणं दिवसभर चालू असतं. बाबा सांगायचे की रनवेवर कामाला जाताना खिशातली हत्यारं मोजून आत न्यायची आणि मोजून बाहेर आणायची, एक पाना कमी भरला तर तो सापडल्याशिवाय कोणी हलायचं नाही. हे सगळं आपल्या विमानाच्या चाकांखाली आपल्यासाठीही होतच असतं की.

२०२० मध्ये इथं एक प्रसंग घडला होता, १५ फेब्रुवारीला दिल्लीला निघालेल्या प्रवासी विमानाच्या पायलटला टेक ऑफच्या वेगात असताना समोर जीप आणि माणूस दिसला, त्याने विमान वेळेआधीच उचललं, शेपटी रनवेला घासली, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. एकाच पट्टीवर दोघांचं काम चालतं तेव्हा किती डोळे उघडे लागतात ते यावरून कळावं. म्हणून मला टॉवरने थांब म्हटलं की थांबलेलं बरं वाटतं.

रनवेच्या दुरुस्तीचा काळ ज्यांना आठवतो ते हा रिव्ह्यू वाचताना मान हलवतील. ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ रनवे बंद, आणि शेवटी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस पूर्णच बंद, एकही प्रवासी विमान नाही. आम्ही सगळे मुंबईला गाडीने जाऊन फ्लाइट पकडत होतो, ऐन दिवाळीच्या तोंडावर. दुसऱ्या कुठल्या मोठ्या शहरात हे ऐकायला मिळणार नाही, पण दुसरा रनवे नाही आणि पहिल्यावर सुखोई चढतात-उतरतात म्हटल्यावर डांबराचा थर नवा घालायचाच होता. त्या चौदा दिवसांत आमच्या घरी इतकी शांतता होती की आईला झोप येईना, हे मी अगदी खरं सांगतेय, तिला त्या आवाजाची सवय.

पाचवा स्टार का नाही, तर रनवेची लांबी. २,५३५ मीटर. मुंबईचा मोठा रनवे साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. शिवाय पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५९० मीटर उंच, उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, विमानाला उचलायला जास्त पळावं लागतं, मग मोठी विमानं पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी भरून लांब पल्ल्याला इथून निघू शकत नाहीत. सिंगापूर, दुबई, बँकॉक इथवर ठीक, पण लंडन-न्यूयॉर्कला जायचं तर पुणेकराला अजून मुंबई नाहीतर दिल्ली गाठावी लागते. एवढं आयटी, एवढे कारखाने, एवढे विद्यार्थी, आणि रात्री अकराला एक्स्प्रेसवेवर एअरपोर्टची टॅक्सी. रनवे वाढवायचं चाललंय, त्यासाठी जमीन लागणार, रस्ता वळवावा लागणार, आणि हे सगळं संरक्षण खात्याच्या संमतीने. पुरंदरच्या नव्या विमानतळाचं २०१६ पासून ऐकतोय, तिथल्या सात गावांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि मला तो समजतो, अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत त्यांच्या, पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या. तेव्हा एवढ्यात आपल्याला लोहगावच आहे असं धरूनच चाला. २०२४-२५ या वर्षात इथून एक कोटीच्या वर लोकांनी ये-जा केली, आणि टर्मिनल आहे ९० लाखांसाठी. म्हणजे टर्मिनल नवीन आहे पण दाटी पुन्हा सुरू झालीय, शुक्रवार संध्याकाळ आणि सोमवार पहाट टाळता आली तर टाळाच.

माझी खरी तक्रार एअरपोर्टबद्दल नाही, एका एअरलाइनबद्दल आहे, नाव घेत नाही. एकदा सकाळी हवाई दलाच्या सरावामुळे उशीर होणार हे बोर्डवर दिसत होतं, चाळीस-पन्नास मिनिटांचा, काही विशेष नाही. पण काउंटरवरच्या माणसाने कुणाला काही सांगितलंच नाही, माझं दिल्लीहून पुढचं कनेक्शन होतं ते सुटलं, आणि वर मलाच सांगितलं की मॅडम, मिलिटरीमुळे आहे, आम्ही काय करणार. मिलिटरीमुळे उशीर झाला हे मान्य, पण कनेक्शन असलेल्या लोकांना आधी सांगून दुसऱ्या फ्लाइटवर बसवणं हे तुमचं काम होतं ना. सरावाच्या वेळा एअरलाइनला आधी कळवलेल्या असतात, नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, निघतो, ही काही अचानक आलेली वावटळ नाही. आधी मला हा फरक कळत नव्हता, सगळ्याचा राग एअरपोर्टवर काढायचे. आता तुम्हाला एकच सांगते, पुण्याहून निघून पुढे कनेक्शन असेल तर मध्ये तीन तास ठेवा, आणि दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घ्या म्हणजे चुकली तर पुढची सोय त्यांनाच करावी लागते. परदेशात जायचं असेल, व्हिसा-इंटरव्ह्यू असेल, कुणाचं लग्न-मुंज असेल तर आदल्या दिवशीच निघा.

आणि फोटोंचं. विमानतळाच्या आत, बसमधून विमानाकडे जाताना, विमानात खिडकीतून, रनवेकडे किंवा लढाऊ विमानांकडे कॅमेरा करायचाच नाही. संरक्षण दलाचं विमानतळ आहे हे दर वेळी अनाउन्समेंटमध्ये सांगतात आणि दर वेळी कुणीतरी रील काढत असतं, मला त्याचं फार वाईट वाटतं. मे २०२५ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, एअरलाइन्सना सांगितलं होतं की संरक्षण दलाच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, चढता-उतरताना दहा हजार फुटांपर्यंत खिडक्यांचे पडदे खाली ठेवायचे, फक्त इमर्जन्सी एक्झिटच्या रांगा सोडून. क्रू तेव्हा सांगेल तसं करायचं, वाद घालायचा नाही. त्याच महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष चालू असल्यामुळे उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ प्रवाशांसाठी काही दिवस बंद होते, श्रीनगर, जोधपूर, जामनगर असे आपल्यासारखेच हवाई दलाच्या अंगणातले. पुणं चालू होतं. पण त्या आठवड्यात रात्री विमानाचा आवाज आला की बाबा उठून गॅलरीत येऊन उभे राहायचे, बोलायचे काही नाहीत.

गोव्याला दाबोळीला उतरला असाल तर तिथंही हेच, फक्त वाडा नौदलाचा, आयएनएस हंसा. पण त्यांना जानेवारी २०२३ पासून मोपा मिळाला, दुसरं दार उघडलं. आपल्याला एकच दार.

शेजारी म्हणून एक-दोन गोष्टी. तळाच्या भोवती इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, भिंतीपासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई, दारूगोळ्याच्या साठ्याभोवती ९०० मीटरचा पट्टा, त्यामुळे लोहगाव-धानोरीकडे प्लॉट घेताना कागद नीट बघून घ्या, स्वस्त मिळतोय म्हणून उडी मारू नका. आणि कचरा. हात जोडून सांगते, एअरपोर्टच्या आसपास उघड्यावर कचरा, हॉटेलातलं खरकटं, मटणाच्या दुकानातली घाण टाकू नका, त्याच्यावर घारी येतात, कुत्री येतात, आणि घार विमानाच्या इंजिनात गेली तर काय होतं ते सांगायची गरज नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर आत बिबट्या दिसला होता. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, कचऱ्याच्या मागे कुत्री, आणि कचरा आपण टाकलेला.

शेवटी ज्या प्रवासासाठी मी खरं तर लिहायला बसले तो सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये आई-बाबांना घेऊन दिल्लीला गेले, भावाकडे. बाबांनी २६ वर्षं या रनवेचे दिवे सांभाळले, पावसात चर खणून केबल शोधल्या, रात्री दोन विमानांच्या मधल्या वेळात टॉवरची परवानगी घेऊन धावत जाऊन बल्ब बदलला, २०११ ला रिटायर झाले, आणि विमानात कधी बसलेच नव्हते. तिकिटाला पैसे नव्हते असं नाही, पण कुणी विषय काढला की म्हणायचे, "राहू दे, रेल्वे बरी". नव्या टर्मिनलमध्ये आल्यावर आधी त्यांनी वर बघितलं, छताचे दिवे मोजल्यासारखे. आईला व्हीलचेअर घेतली होती, गुडघे दुखतात तिचे, ती ढकलणाऱ्या मुलाने पूर्ण वेळ तिला "मावशी, मावशी" करत सगळं दाखवलं, हे हिरवं गेट, हे खाण्याचं, इथून विमान दिसेल. त्याला मी पैसे द्यायला गेले तर घेईना.

संध्याकाळची फ्लाइट होती, दिवे लागलेले. मी बाबांना खिडकी दिली. विमान मागे ढकललं, वळलं, आणि टॅक्सीवेचे निळे दिवे दिसायला लागले तसे ते खिडकीला कपाळ टेकवून बसले. मी म्हटलं, बाबा, काय बघताय. ते म्हणाले, "काही नाही, कडेचं गवत नीट कापलंय." पुढे रनवेवर आलो, पांढरे दिवे दोन्हीकडे लांबवर, थांबलो क्षणभर, मग निघालो, दिवे एकमेकांत मिसळून एक रेघ झाली आणि खाली गेली. बाबांनी डोळे पुसले, मी बघितलं नाही असं केलं. आई म्हणाली, घर दिसतंय का बघा, आणि त्यांनी खरंच टिंगरेनगरच्या अंधारात बोट दाखवलं.

परत येताना रात्री उशिरा उतरलो. उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं वर फिरत होतो, कुणीतरी पुढे उतरत असणार, कोण ते कॅप्टनने सांगितलं नाही आणि बाबांनीही विचारलं नाही. चाकं टेकली, सगळे उठून बॅगा काढायला लागले, बाबा बसूनच. एरोमॉलपर्यंत पुलावरून चालत आलो, कॅब आली, आईला पुढे बसवलं, सामान डिकीत टाकलं, ५०९ चौक गेल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले.

"माझ्या बाजूचा एकही दिवा गेलेला नव्हता."